पंचनाम्यातला एक शब्द

फौजदारांनी पंचनामा पुढे सरकवला. उज्ज्वला देशमानेंनी तो नीट वाचला. त्यांच्या लाकडी घाण्यावरून जप्त केलेल्या बाटल्यांपुढे 'गांज्याचं तेल' असं लिहिलं होतं.

"हे भांगेच्या बियांचं तेल आहे. बियांना कायद्यात बंदी नाही. परवानाही भिंतीवर लावलाय."

"झाड एकच ना, बाई? सही करा, नाहीतर ठाण्यात चला."

"चला. पण खोट्यावर सही करणार नाही."

जमलेल्या गिऱ्हाइकांदेखत घाण्याला कुलूप लावून त्या जीपमध्ये बसल्या. संध्याकाळपर्यंत ठाण्याच्या बाकावरून हलल्या नाहीत.

शेवटी फौजदारांनी वैतागून 'गांज्याचं' खोडलं, वर 'बियांचं' लिहिलं आणि पेन त्यांच्यापुढे धरलं.

"खाडाखोडीपाशी आधी तुमची सही," उज्ज्वलाबाई म्हणाल्या.