काचेआडचे नऊ दिवस

एरंडोलच्या ताईबाई खुब्याच्या ऑपरेशनसाठी जळगावला दाखल झाल्या आणि दवाखान्यातच त्यांच्या रक्तात बुरशी शिरली. एकही औषध तिला लागू पडेना. संसर्ग पसरेल म्हणून लेक पुनमला आत सोडत नव्हते. नऊ दिवस काचेतून तिला आई एकटीच पडलेली दिसायची.

दहाव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "आता भेटून घ्या."

पुनमने हातमोजे घालून आईचा उजवा हात धरला.

"आज तुना हात गार शे," ताईबाई डोळे मिटूनच म्हणाल्या. "रोज गरम लागस."

"माय, मी तं आजच आत उनू."

"मंग हाऊ दुसरा हात कोना शे?"

पुनमने पाहिलं. दोन दिवस न हललेला आईचा डावा हात चादरीच्या वीतभर वर होता, आणि कुणीतरी घट्ट आवळावीत तशी त्याची बोटं पांढरी पडत होती.