झाकलेला आरसा

सत्तर वर्षांपूर्वीचा पोलिश सिनेमा अर्धाही झाला नव्हता, तोच शेजारी बसलेल्या दिग्दर्शक माईणकरांनी वसुधाला कोपरानं ढोसलं. "चल, चहा घेऊ. पुढे नुसतं रडगाणं आहे."

वसुधा जागची हलली नाही. पडद्यावरच्या बाईचा नवरा नुकताच गेला होता. तिनं खांद्यावरची शाल काढली आणि भिंतीवरचा आरसा झाकून टाकला.

माईणकरांच्या गाजलेल्या सिनेमात वसुधानं हेच केलं होतं, शालीच्या जागी जुनेर घेऊन. "आपल्यात कुठे असं करतात?" तिनं सेटवर विचारलं, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. "माझ्या आईनं केलं होतं गं, अण्णा गेले तेव्हा." पुढे स्वतःचा नवरा गेला त्या दिवशी, त्या कधीही न पाहिलेल्या आईला स्मरून, सासूची बोलणी खात, वसुधानं घरातलाही आरसा झाकला होता.

"योगायोग असतो एकेक," माईणकर कुजबुजले.

"असतो की." तिनं पडद्यावरून नजर काढली नाही. "सर, तुमच्या आईचं माहेर कुठलं म्हणालात?"