आवाज आपल्याकडचाच

रोह्याचा दिनानाथ कुठल्याही चॅनलचा नव्हता. गळ्यात कॅमेरा अडकवून तो स्वतःच्या हिमतीवर परक्या देशातलं युद्ध टिपत फिरायचा. आईला मात्र पुण्यात नोकरीला आहे एवढंच सांगितलेलं. खरं कळलं असतं तर तिने हाय खाल्ली असती.

त्या सकाळी तिथल्या केमिकलच्या कारखान्यावर क्षेपणास्त्र पडलं. पिवळा धूर, जळती माणसं, कुंपणाला लटकलेला कुणाचा तरी तुटका हात. भान सुटून दिनानाथ आपल्या बोलीतच ओरडला, "पला रे, दुसरी टाकी फुटंल!" चॅनलवाल्यांनी व्हिडिओ घेतला नाही, म्हणून त्याने तो स्वतःच फेसबुकवर टाकला.

इकडे कुणीतरी त्यावर 'धाटावची कंपनी उडाली' असं लिहून तो पुढे ढकलला. आवाज आपल्याकडचाच, मग शंका कोण घेणार? धाटाव म्हणजे रोह्याच्या पुलापलीकडची केमिकल कंपन्यांची वसाहत. अर्ध्या तासात सगळं धाटाव त्या पुलावर लोटलं. पडलेल्यांना तुडवत माणसं पळाली.

संध्याकाळी केरूमामाचा फोन आला. "दिनू, तुझी आय गेली रे. पुलावर चेंगरली."

"पण आई तर रोह्यात, घरी होती. ती पुलावर कशाला गेली?"





"सगली मानसं धाटावातून पलत होती. ती एकटी धाटावाकडं पलत होती. म्हनत होती, आवाज माझ्या दिनूचा हाय."