रुंद पायऱ्यांची विहीर

"टाका रे माती!" नगराध्यक्षांनी हात हलवला, आणि ग्रंथपाल तुरुतुरु चालत जाऊन विहिरीच्या काठावर बसले. पाय आत सोडून.

जेसीबीवाल्याने घाबरून मशीन बंद केलं. जमलेले लोक पुढे सरकले. वाचनालयात "हळू बोला" याखेरीज ज्यांच्या तोंडून शब्द ऐकला नव्हता, ते ग्रंथपाल चक्क आडवे येत होते.

"अहो, उठा तिथून!" त्यांची बायको गर्दीतून ओरडली. "एकदा कंबर धरली की उठवायला मलाच यावं लागतं."

"नाही उठणार. सातशे वर्षांची विहीर आहे. बुजवून वर गाड्या लावणार? पायऱ्या बघा जरा! एवढ्या रुंद पायऱ्या साध्यासुध्या माणसासाठी कोण बांधतं? इथून पालख्या उतरल्यात, पालख्या! माझ्या पुस्तकात सगळं लिहिलंय."

"तुमचं पुस्तक वाळवीने तेवढं वाचलंय," बायको पुटपुटली. लोक हसले.

हसू देत बापडे. ग्रंथपालांनी उभी हयात त्या पुस्तकात घातली होती. सुट्टीच्या दिवशी लोक सासुरवाडीला जात, हे वेशीचे दगड घासत बसत. पडक्या भिंतींची मापं घेताना दोनदा कुत्रं चावलं, तेही त्यांनी तळटीपेत नोंदवलं. एकूण एक गोष्ट स्वतः शोधलेली. अपवाद फक्त या विहिरीच्या वयाचा. ते एका जुन्या मासिकातल्या निनावी लेखात सापडलं होतं. लेखाखाली नाव नव्हतं, मग आभार कोणाचे मानायचे? त्यांनी मानले नाहीत.

आणि एवढं करून नाव कोणाचं झालं? गावातल्या इतिहासाच्या प्राध्यापकांचं! त्यांचा जाडजूड ग्रंथ आला तेव्हा ग्रंथपालांनी पानं उलटली आणि त्यांचं डोकंच फिरलं. वेस, भिंती, सगळं ग्रंथपालांच्याच पुस्तकातून उचललेलं. कुत्रंसुद्धा. विहीर तेवढी सोडली होती. आपल्या लाडक्या विहिरीला चोरानेही हात लावू नये, हे त्यांना फार लागलं. वर आज तेच प्राध्यापक तज्ज्ञ म्हणून नगराध्यक्षांच्या शेजारी उभे होते. विहीर बुजवायला हरकत नाही, असं लेखी देऊन.

पण ग्रंथपालांनी एक काम चोख केलं होतं. दुसऱ्या आवृत्तीत, एका कोपऱ्यातल्या तळटीपेत, त्यांनी एक राणी सोडली होती. युद्धाला निघालेली राणी गावात मुक्काम करून गेली, म्हणे. सगळं मनाचं. चोराला पकडायला लावलेला सापळा. प्राध्यापकांच्या पुढच्या ग्रंथात ती राणी थेट पहिल्या पानावर आली, हत्तीवर बसून. हत्ती प्राध्यापकांनी स्वतःच्या पदरचा घातला होता. तेव्हापासून ग्रंथपाल एका भरसभेची वाट बघत होते. आणि आज सगळं गाव समोर होतं.

त्यांनी तोंड उघडलं. एवढ्यात जेसीबी पुन्हा घरघरला. ग्रंथपालांनी खाली पाहिलं. हिरवं पाणी, त्या रुंद पायऱ्या. प्राध्यापकांचं नाक कापलं तर मन गार होईल, पण विहीर काही वाचायची नाही. तळटीपेतली ती राणी सोडली तर आयुष्यात कधी ते धडधडीत खोटं बोलले नव्हते.

"ती हत्तीवरची राणी," ते ओरडले, "याच विहिरीचं पाणी प्यायली! काय प्राध्यापक?"

सगळ्यांच्या माना प्राध्यापकांकडे वळल्या. प्राध्यापकांना घाम फुटला. नाही म्हणावं तर आपलंच पहिलं पान फाटतं.

"मुक्काम केला म्हणजे... पाणी तर प्यायलीच असणार," ते म्हणाले.

झालं! "राणीची विहीर!" कोणीतरी ओरडलं. नगराध्यक्ष मोठे हुशार. वारा कुठे वाहतोय ते त्यांना सांगावं लागत नसे. त्यांनी तिथल्या तिथे कठडा जाहीर केला, फलक जाहीर केला, आणि ही विहीर वाचवायचं आपण मुळापासून ठरवलं होतं, असंही सांगून टाकलं. जेसीबी माघारी गेला. गर्दी पांगली. बायकोने येऊन ग्रंथपालांना बखोटीला धरून उठवलं. "वाचवलीत हो," ती म्हणाली आणि तिने डोळ्यांना पदर लावला. त्यांनाही भरून आलं.

पण माणसाचा स्वभाव! एवढ्यावर गप्प बसवेना. ते प्राध्यापकांच्या कानाशी गेले.

"ती राणी कधी जन्मलीच नाही, बरं का. तुम्ही चोरता का ते बघायला मी रचली होती."

प्राध्यापकांचा चेहरा पांढराफटक पडला. मग त्यांनी विहिरीत डोकावून पाहिलं आणि त्यांना हसू फुटलं.

"आणि विहिरीचं वय तुम्ही त्या निनावी लेखातून घेतलंत ना?"

"हो. मग?"

"तो लेख माझा. कोण चोरतंय ते बघायला मीही रचला होता. अहो, ही विहीर माझ्या आजोबांनी खणली."

ग्रंथपालांनी बायकोचा हात घट्ट धरला. "आणि... पायऱ्या?"

"रुंद ठेवल्या. म्हशींना उतरता यावं म्हणून."