गुरुवारी या

पोस्टताईंनी चिठ्ठीची घडी उलगडली. आत एकच शब्द होता : अधिकारी.

"बदलून मिळेल का हो?" त्यांनी हळूच विचारलं.

"चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी," मास्तर म्हणाले. "आजच्या नाटकात तुम्ही खुर्चीत, वकीलसाहेब अर्ज घेऊन दारात."

मास्तर या सहा आठवड्यांच्या प्रशिक्षणाचे प्रमुख. आपापल्या देशात मूठभर उरलेल्या समाजांसाठी भांडणारी तेरा माणसं तेरा देशांतून इथं शिष्यवृत्तीवर आली होती. शुक्रवारी त्यांच्यातल्या एकालाच खऱ्या समितीपुढे दोन मिनिटं बोलायला मिळणार होतं, आणि समोर सगळ्या देशांचे अधिकारी बसणार होते. ती दोन मिनिटं पोस्टताईंना हवी होती. गावात टपाल वाटणारी ही बाई अकरा वर्षं एकच गोष्ट मागत होती : शाळेत आपल्या भाषेचा एक वर्ग. सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं म्हणतात. ताईंच्या अशा बावीस सहामाह्या झाल्या होत्या.

पण दोनदा सराव झाला आणि दोन्ही वेळा घड्याळ सुरू होताच ताईंची दातखीळ बसली. मास्तरांनी सकाळीच फळ्यावर 'शुक्रवार'पुढे तेरांतल्याच एका वकिलाचं नाव लिहून टाकलं. त्यात चूक काहीच नव्हती. वकील बोलायला लागला की ऐकतच राहावं असा माणूस. तरी ताईंना रडू फुटलं, आणि पाणी प्यायच्या निमित्तानं त्या बाहेर जाऊन आल्या.

आता दोन टेबलं जोडून कचेरी तयार झाली. कोऱ्या कागदांची फाइल आली, शिक्का म्हणून बाटलीचं झाकण आलं. ताई खुर्चीत बसल्या, चष्मा काढून पुसला, परत लावला.

"साहेब, आमच्या शाळेच्या अर्जाचं काय झालं?" वकिलानं सुरुवात केली.

"बसा," ताई म्हणाल्या.

बसायला खुर्चीच नव्हती. वकील उभा राहिला.

ताईंनी मान वर न करता कागद चाळले. "हे आमच्याकडे येत नाही. वरच्या मजल्यावर जा."

"वर जाऊन आलो. त्यांनीच इथं पाठवलं."

"तशी त्यांची चिठ्ठी आणलीत?"

सगळे हसले. वकिलानं बाह्या सरसावल्या. "साठ दिवसांत उत्तर द्यायचं, असा कायदा आहे."

"कायदा आम्हालाच सांगता? बरं, मुलं किती तुमची?"

"चाळीस."

"चाळीसच? अहो, चाळीस पोरांसाठी वेगळा वर्ग काढायचा? चार लोकांत वावरायची भाषा शिकू दे की त्यांना. तुमच्याच भल्याचं आहे." ताईंनी ड्रॉवर अर्धा उघडला, लावला, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. "गुरुवारी या."

"गुरुवारी काम होईल?"

"गुरुवारी या म्हटलं ना."

आता कुणी हसत नव्हतं. दातखीळ बसणारी ती बाई ही नव्हतीच. दर महिन्याला रजा काढून ताई त्या टेबलासमोर उभ्या राहिल्या होत्या, आणि ऐकलेलं सगळं त्यांना तोंडपाठ झालं होतं. नकाराची पाकिटंसुद्धा त्यांच्याच पिशवीतून यायची. पोच म्हणून स्वतःच सही करायची आणि पाकीट स्वतःलाच द्यायचं.

वकिलाचे मुद्दे संपले. मग त्यानं परवा जेवताना ताईंकडूनच ऐकलेलं काढलं. "साहेब, पहिला अर्ज दिला तेव्हा माझी मुलगी पहिलीत होती. आता ती कॉलेजात जाते."

ताईंचा हात फाइलवर थांबला. क्षणभरानं त्या म्हणाल्या, "मग आता तुम्हाला वर्ग हवाय कशाला?"

वकिलानं सरसावलेल्या बाह्या खाली केल्या.

"ताई," वकिलाचा आवाज उतरला, "हे खरंच म्हणाला तो अधिकारी?"

"म्हणाला की. गेल्या वर्षी, सात जूनला. सगळ्याच तारखा आहेत माझ्याकडे, वहीत."

वकील तसाच फळ्याकडे गेला. आपलं नाव त्यानं तळहातानंच पुसलं आणि तिथं 'पोस्टताई' असं लिहिलं. मास्तरांनी मान डोलावली.

"शुक्रवारी हेच बोला," वकील म्हणाला. "आपल्या पदरचं काही नको. त्यांचंच त्यांना ऐकवा, तारीखवार."

"आणि माझी दातखीळ?"

"त्यांचं बोलताना कुठं बसली?"

ताई हसल्या. हसता हसता डोळे भरून आले, ते त्यांनी पुसलेही नाहीत. अकरा वर्षं ऐकून घेतलेलं असं कधी कामाला येईल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

"चला, चहा गार होतोय," मास्तर म्हणाले. "शेवट गोड करून टाका. यांचा अर्ज मंजूर करा आणि उठा."

ताई पुन्हा खुर्चीत सावरून बसल्या. झाकण उचललं, अर्जावर धरलं, वकिलाकडे पाहिलं आणि बोलायला तोंड उघडलं. शब्द फुटेना.

"मंजूर करताना साहेब काय म्हणतात हो?" त्यांनी विचारलं. "मी कधी ऐकलंच नाही."

वकिलानं शेजारच्याकडे पाहिलं, शेजारच्यानं त्याच्या शेजारच्याकडे. बारा देशांतली बारा माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिली. ताई झाकण हातात धरून थांबल्या होत्या, कागदापासून बोटभर वर.