कस्तुराबाईंची खुर्ची

"आपोआप काही पुसलं जात नाही," सीमा म्हणाली, आणि खोलीतल्या सगळ्यांनी आसमीनकडे बघितलं.

सीमानं खरं तेच सांगितलं होतं. दौंडच्या या डायलिसिस केंद्राची वेबसाइट तिनंच केली होती. वडिलांचे शेवटचे महिने इथं गेले, म्हणून केली होती. यादीत प्रत्येक पेशंटच्या नावापुढे 'नाव काढा' अशी लिंक होती. ती उघडल्याशिवाय नाव जात नव्हतं, आणि ती फक्त काउंटरवरच्या आसमीनला दिसायची. नाव आपोआप जाऊ शकतं का, एवढंच विचारायला ट्रस्टचे अध्यक्ष जालिंदरआप्पा यांनी सीमाला शिरूरहून बोलावून घेतलं होतं.

कासुर्डीच्या कस्तुराबाईंचं नाव यादीतून गेलं होतं. नाव गेलं की मोकळी खुर्ची वेबसाइटच रांगेतल्या पहिल्या पेशंटला द्यायची. तो पहिला पेशंट निघाला अल्लाबक्षमामा, आसमीनच्या आईचा सख्खा भाऊ. ठरल्या दिवशी कस्तुराबाई आल्या तेव्हा त्यांच्या खुर्चीवर मामा होते. दुसरी मोकळी नव्हती. म्हातारी माघारी गेली, आणि दुसऱ्या दिवशी तिला धाप लागली. आता ती पुण्यात व्हेंटिलेटरवर होती. तिचे पुतणे पोलिसांत अर्ज द्यायला निघाले होते.

मामा बाहेर बाकावर बसून होते. पाय सुजलेले, तोंड सुजलेलं. आज त्यांची पाळी होती. पण दुसऱ्याच्या जागेवर अंग टाकणार नाही, म्हणून ते आत यायला तयार नव्हते.

"मी काढलं न्हाई," आसमीन म्हणाली. "मी फकस्त इचारलं. तुम्हालाच, आप्पा. ग्रुपवर. लिंक चिकटवली आन् इचारलं."

ते सगळ्यांना ठाऊक होतं. कस्तुराबाई गेल्याचा कासुर्डीहून कुणाचा तरी फोन आला होता. जित्या-मेल्या माणसाचं नाव आपल्या मनानं पुसायला आसमीनचा हात धजेना. म्हणून तिनं ट्रस्टी, नर्स आणि ॲम्ब्युलन्सवरचा संपत यांच्या ग्रुपवर विचारलं. नावात घोटाळा नको म्हणून नावापुढची लिंकच उचलून मेसेजात चिकटवली. संपतनं कळवलं की गेल्या त्या दुसऱ्या कस्तुराबाई, मळ्यातल्या. आपल्या बाई ओट्यावर बसून लसूण सोलतायत. जेवण झाल्यावर आप्पांनीही 'नको' लिहिलं. विषय तिथं संपला होता.

"इचारायचं सोंग केलंस," आप्पा आवाज न चढवता म्हणाले. "आमी नको म्हणल्यावर काढलंस. मामा हाय तुझा, मला कळतंय की. पण त्या म्हातारीनं काय करायचं?"

लिंक ग्रुपवर होती, तर दुसऱ्या कुणाचं बोट लागलं असेल, असं सीमानं सुचवून बघितलं. एकेकानं मान हलवली. लिंकला भूत लागलं असंल, असं संपत पुटपुटला. कुणी हसलं नाही. आप्पांनी आसमीनकडे काउंटरच्या किल्ल्या मागितल्या.

सीमा मात्र एका शब्दापाशी अडकली होती. चिकटवली.

आसमीन पासवर्ड विसरायची, म्हणून सीमानं तो त्रासच ठेवला नव्हता. परवानगी लिंकमध्येच भरली होती. लिंक उघडली की नाव गेलं, 'नक्की ना?' असंही कुठं विचारायचं नाही, आणि गेलेलं नाव परत आणायची सोय नाही. पान नुसतं बघितल्यानं काहीही बदलता कामा नये, हा नियम तिला पाठ होता. पण पंधरा खुर्च्यांच्या यादीला कशाला, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

"किल्ल्या थोडं थांबून घ्या, आप्पा," ती म्हणाली.

तिनं टेबलावरच्या कॉम्प्युटरवर यादी उघडली आणि शेवटी पेशंट म्हणून स्वतःचं नाव घातलं. आसमीनचा सोडून सगळ्यांचे फोन बंद करून टेबलावर ठेवायला लावले. मग आसमीनला म्हणाली, "त्या दिवशी केलंस तसंच कर. माझं नाव काढू का, असं ग्रुपवर विचार. घाई नको."

आसमीननं फोनवर यादीतली लिंक उचलली, मेसेजच्या जागी चिकटवली. लिंकच्या वर केंद्राचं नाव असलेला एक छोटा चौकोन उमटला. आसमीन खाली मान घालून प्रश्न लिहू लागली. सीमानं यादी पुन्हा उघडली आणि पडदा आप्पांकडे वळवला.

सीमाचं नाव त्यात नव्हतं.

"कुणी दाबलं?" आप्पांनी विचारलं.

"कुणीच नाही. तो चौकोन दाखवायला फोन स्वतःच ते पान उघडून बघतो. आणि उघडलं की नाव जाईल, असं मी करून ठेवलंय."

आप्पांनी पडदा परत सीमाकडे वळवला. मग त्यांनी संपतला खुणेनं बाहेर पाठवलं, मामांना हात धरून आत आण म्हणाले. कासुर्डीला पुतण्यांकडे आपण स्वतः जाऊ म्हणाले. किल्ल्या आसमीनकडेच राहिल्या. आप्पांचा स्वर आता उतरला होता.

"मी त्या दिवशी जेवत बसलो," ते म्हणाले. "तवाच्या तवा नको म्हणलो असतो, तर ऱ्हायलं असतं का म्हातारीचं नाव?"

आसमीननं फोन त्यांच्यापुढे धरला. 'सीमाताईंचं नाव काढू' एवढंच लिहून झालं होतं, आणि तो मेसेज अजून कुणालाही गेलेला नव्हता.