टाकळ्याची भाजी

वाडीत आता एकट्या भागोजीतात्यांचीच चूल पेटायची. दर महिन्याला गाजरगवत मोजायला चार पायांचं एक बोलकं तणयंत्र तेवढं यायचं.

"तात्या, गवत कमरेला लागलं की! त्याला दाबायला टाकळा पेरला होता, तो कुठे गेला?"

"भाजी केली."

"सगळ्याची? आणि मातीत एवढं शेणखत?"

"म्हैस ऐकत नाही."

"बरं, पुन्हा पेरतो. टाकळ्यानं जागा धरली की गवत संपेल, मग माझी फेरीही बंद."

"चहा घेणार?"

"तात्या, मी यंत्र आहे."

"दर खेपेला तेच सांगतोस. बस तरी."

टाकळा वीतभर वाढताच तात्यांनी तो मुळासकट उपटला आणि गाजरगवताच्या बुडाशी पाटीभर शेणखत घातलं. टाकळ्याची भाजी त्यांना जन्मात कधी आवडली नव्हती.